इंग्रजी वाचता येतं, पण समोरचा बोलला की कळत नाही

पत्राचा सारांश: पत्रलेखिका देवगड तालुक्यातली, वय २३. वडील मच्छीमार. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग रत्नागिरीत बी.एस्सी., आणि गेल्या सप्टेंबरपासून डब्लिनमध्ये एका वर्षाची एम.एस्सी. आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५ गुण होते. पहिल्या सत्राचे सगळे विषय सुटले, लेखी कामाला गुणही बरे पडले. तरी वर्गात निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. गटाच्या प्रोजेक्टमध्ये ती गप्प बसते. दुकानात दोनदा ‘सॉरी?’ विचारून झालं की तिसऱ्यांदा हसून मान हलवते. चार मराठी मुलींबरोबर राहते. शिक्षणकर्जासाठी घर तारण आहे. घरून फोन आला की वडील म्हणतात, ‘आता फाडफाड बोलत असशील’, आणि ती ‘हो’ म्हणते. तिला चार वाटा दिसतात: पैसे भरून इंग्रजीचा क्लास लावायचा, मराठी मैत्रिणींची खोली सोडायची, सुट्टीत एकटीने युरोप फिरून ‘भीड चेपवायची’, नाहीतर परत यायचं. ‘यातली कुठली धरू? की मराठी माध्यमातल्यांनी इकडे यायचंच नव्हतं?’

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीच्या चारही वाटा त्यातूनच फुटल्यात. मराठी माध्यमामुळे अडतंय असं तू धरून चालली आहेस. पण त्याच्याविरुद्धचा पुरावा तूच पत्रात दिला आहेस. एका सत्रात तू इंग्रजीत शोधनिबंध वाचलेस, अहवाल लिहिलेस, पास झालीस. ६.५ म्हणजे भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवर बी-२, मध्यमाच्या वरची पातळी. शब्दसाठा आणि व्याकरण कच्चं असलेल्याला हे जमत नाही. तुझी अडचण कानाची आहे. तू जिभेवर इलाज शोधते आहेस, म्हणून चारही वाटा जरा चुकीच्या दिशेला जातात.

मग आयल्ट्समध्ये हे का दिसलं नाही? तिथल्या ऐकण्याच्या परीक्षेत ४० प्रश्न असतात, रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, पण प्रश्न आधी वाचायला वेळ मिळतो. म्हणजे काय ऐकायचंय ते आधीच हातात असतं. बोलणारे स्टुडिओत बसून, एकमेकांना न तोडता, स्वच्छ बोलतात. प्रयोगशाळेत तिघं एकाच वेळी बोलतात, अर्धं वाक्य गिळतात, पुढे काय येणार ते कुणी छापून देत नाही. पुण्याचा माणूस मराठीत हयात घालवून मालवणच्या जेटीवर लिलावाला उभा राहिला, तर दोन मच्छीमारांचं आपसातलं बोलणं त्याला कळत नाही. त्याचं मराठी कच्चं आहे असं आपण म्हणत नाही. तू स्वतः घरात मालवणी आणि शाळेत प्रमाण मराठी अशी वाढलीस, म्हणजे एक कान तू आधीच कमावलेला आहेस.

आता हे नेमकं कुठे अडतं ते पाहू. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजीत जोर असलेल्या अक्षरांना वेळ मिळतो आणि मधली अक्षरं चेपली जातात. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू विथ द डेटा’ हे वाक्य कागदावर नऊ शब्दांचं आहे. बोलताना ते ‘व्हॉचा गना डू विद डेटा’ होतं. तू नऊ शब्द शोधत बसतेस, सापडतात पाच, आणि उरलेल्या चारांच्या मागे लागलीस की पुढचं वाक्य निसटतं. त्यात डब्लिनचे स्वतःचे आवाज आहेत. शेवटचा ‘ट’ तिथे इतका मऊ होतो की ‘राइट’ हे ‘राइश’च्या जवळ जातं. ‘थर्टी थ्री’चं ‘टर्टी ट्री’ होतं, ‘ट्यूजडे’चं ‘चूजडे’. काही ठिकाणी वाक्याची घडणच वेगळी. गटातली मुलगी ‘आय ॲम आफ्टर सेंडिंग द फाइल’ म्हणाली, तर तिने फाइल नुकतीच पाठवलेली आहे. ती नंतर पाठवणार आहे असं समजून तू वाट बघत बसलीस, तर प्रोजेक्ट तिथेच अडकेल. ‘हाफ सिक्स’ म्हणजे साडेसहा. ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे रागावणं. असे शब्द दहा-पंधरा आहेत, ते आठवड्यात पाठ होतील. खरी मेहनत आहे ती चेपलेली अक्षरं ओळखण्याची.

त्यासाठी श्रुतलेखन कर, शाळेत करायचीस तसंच. ४० ते ६० सेकंदांचा तुकडा घे, ज्याचा मजकूर लिहिलेला मिळतो असा. आधी तीनदा सलग ऐक, हातात पेन न घेता. मग एकेक वाक्य थांबवून वहीत लिही. एका वाक्याला जास्तीत जास्त पाचदा मागे जायचं, नाही कळलं तर तिथे रेघ ओढून पुढे जायचं. शेवटी मूळ मजकूर उघड आणि लाल पेनाने तपास. आता महत्त्वाचं काम: प्रत्येक लाल खुणेजवळ एक अक्षर लिही. शब्दच माहीत नव्हता तर ‘श’. शब्द माहीत होता पण कानाला ओळखू आला नाही तर ‘आ’. ओळखू आला, पण तोवर बोलणारा पुढे गेला होता तर ‘वे’. आठवड्याने मोज. तुझ्या पत्रावरून वाटतं की ‘आ’ सर्वांत जास्त निघतील. तसं निघालं, तर नवे शब्द पाठ करत बसण्यात वेळ घालवू नकोस. शेवटी तोच तुकडा तीनदा बोलणाऱ्याच्या सोबत, त्याच्याच वेगाने म्हण. जे तोंडाला चेपता येतं ते कानाला लवकर ओळखू येतं. हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. आठवड्यातून पाच दिवस पुरे.

सुरुवात कशाने करायची? तुझे वडील समुद्रावर जातात, म्हणून सुचवावंसं वाटतं: आयर्लंडच्या हवामान खात्याचा, मेट एरनचा, समुद्रासाठीचा अंदाज. तो आरटीई या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओ वनवर रोज वाचला जातो आणि संकेतस्थळावर लेखी मिळतो. दोन्ही एकाच वेळचे घे. त्यातली वाक्यं ठराविक साच्याची असतात. मॅलिन हेड, हाउथ हेड, कार्नसोर पॉइंट, व्हॅलेंशिया ही किनाऱ्यावरच्या ठिकाणांची नावं फिरून फिरून येतात. वाऱ्याचा जोर ब्युफोर्ट मापात सांगतात: ६ म्हणजे २२ ते २७ नॉट (ताशी सागरी मैल), ८ म्हणजे वादळी वारा, ३४ ते ४० नॉट. वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळला तर ‘व्हीअरिंग’, उलट वळला तर ‘बॅकिंग’. आपल्याकडे मच्छीमारांना इशारा देतात तोच प्रकार, म्हणून विषय तुला परका नाही. शब्द मोजके असल्यामुळे सगळं लक्ष आवाजाकडे राहतं. दोन आठवडे हे कर. मग बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ घे, त्याचाही मजकूर मिळतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तुझ्याच प्राध्यापकांच्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग, एका वेळी एकच मिनिट. रेकॉर्डिंगखाली आपोआप उमटणारी अक्षरं शास्त्रीय शब्दांना हमखास चुकतात, ते शब्द स्लाइडवरून ताडून घे. विद्यापीठ रेकॉर्डिंग देत नसेल, तर स्वतः करण्याआधी प्राध्यापकांची परवानगी घे.

यात मुलं कुठे घसरतात तेही सांगते. स्वयंपाक करता करता तासभर पॉडकास्ट लावून ठेवतात. त्यात मेंदू कळलेल्या चार शब्दांवरून अंदाज बांधतो आणि न कळलेलं सोडून देतो, कान जिथे होता तिथेच राहतो. मालिका बघताना खाली अक्षरं चालू असतात, तेव्हा काम डोळे करतात. आणि वेग कमी करून ऐकलं की आवाज ताणला जातो, पण गिळलेलं अक्षर परत येत नाही. त्यापेक्षा खऱ्या वेगाचा छोटा तुकडा बरा.

आता तुझ्या चार वाटा.

क्लास. बाहेरच्या बहुतेक क्लासमध्ये चाचणी घेऊन तुला बी-२च्या वर्गात बसवतील आणि तिथे काळ, अव्ययं, वाक्प्रचार पुन्हा सुरू होतील. ते तुला येतं. पैसे भरण्याआधी विद्यापीठात चौकशी कर. चालू विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक इंग्रजीचे वर्ग आणि लेखन केंद्र बहुतेक ठिकाणी असतं, आणि ते सहसा फीमध्येच धरलेलं असतं. तिथे गेल्यावर ‘माझं इंग्रजी सुधारायचंय’ असं सांगू नकोस. ‘चर्चेच्या तासाला ऐकताना मागे पडते, त्यासाठी काही आहे का’ असं विचार. मोघम मागणीला मोघमच उत्तर मिळतं.

खोली. ही सोडू नकोस. डब्लिनमध्ये घर मिळणं किती कठीण आहे ते तू सप्टेंबरात पाहिलंस. सत्राच्या मधोमध बिऱ्हाड हलवलंस तर महिना त्यातच जाईल. आणि दिवसभर परक्या भाषेत कान ताणून घरी आल्यावर मराठीत बोलायला माणसं असणं, ही तुझी विश्रांती आहे, ती हिरावून घेऊ नये. ‘घरात फक्त इंग्रजी’ असा नियमही करू नका, तो तीन दिवसांत मोडतो आणि एकमेकींच्या चुका पक्क्या होतात. कधी खोली बदलावीच लागली, तर एवढं ध्यानात ठेव: कायद्याने घरमालकाला एका महिन्याच्या भाड्याहून जास्त अनामत मागता येत नाही, आणि खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

मैत्रिणींमुळे तुझं इंग्रजी अडलेलं नाही. अडलंय ते आठवड्यात तीच माणसं, त्याच वेळी, इंग्रजीत भेटतील अशी एकही जागा नसल्यामुळे. दुकानातल्या अनोळखी माणसाशी अर्ध्या मिनिटात काही साधत नाही. ओळखीचा आवाज दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळू लागतो, आणि तो माणूस ‘मागच्या वेळी म्हणालीस ते पुढे काय झालं’ असं विचारतो. तिथून पुढे आपण आपोआप बोलू लागतो. अशा दोन जागा ठरव. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व फुकट आहे, अनेक शाखांत संभाषणाचे गट चालतात. शनिवारी सकाळी साडेनऊला बागांमधून ‘पार्करन’ असतो, पाच किलोमीटर, फुकट, चाललं तरी चालतं. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबात पाहुणी म्हणून नुसतं बसता येतं, तिथे एक-दोन मिनिटांच्या आयत्या वेळच्या बोलण्याची छान सवय होते. काम करणार असशील, तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा तुला ठाऊक असेलच. पण जागा निवडताना बघ: मागच्या मोरीवर भांडी घासून पगार तोच मिळतो, इंग्रजी मिळत नाही. गल्ल्यावरचं काम सुरुवातीला भीतीचं वाटतं, पण तिथे रोज त्याच वीस वाक्यांची आवर्तनं होतात.

गटाच्या प्रोजेक्टसाठी एक युक्ती. पुढच्या बैठकीत टिपणं काढायचं काम स्वतःहून माग. टिपणं काढणाऱ्याला ‘मी हे बरोबर लिहिलंय ना?’ असं विचारण्याचा हक्क असतो, त्यात कमीपणा नसतो, आणि सगळे तुझ्यासाठी थोडे थांबतात. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी मागून घे, आणि पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोल, मग ते कितीही साधं असो. जितका वेळ गप्प राहशील तितकं पहिलं वाक्य जड होत जातं.

‘सॉरी?’ हा शब्द शक्य तितका सोड. तो ऐकून समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने, फार तर मोठ्याने म्हणतो. जेवढं कळलं तेवढं बोलून दाखव आणि नेमकी पोकळी विचार: ‘ऑन थर्सडे, व्हेअर?’ मग तो एकच शब्द सांगतो, आणि एक शब्द माणूस सावकाश सांगतो.

तुझं बोलणं समोरच्याला कळत नाही असंही तू एका ओळीत लिहिलं आहेस. उच्चार बदलायच्या मागे लागू नकोस, दोनच गोष्टी दुरुस्त कर. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क थोड्या हवेसह येतात, आपले येत नाहीत. म्हणून तू ‘पॅक’ म्हणतेस आणि त्यांना ‘बॅक’ ऐकू जातं. तळहात तोंडासमोर धरून म्हण, हाताला झोत लागला पाहिजे, पण ‘फ’ होता कामा नये. दुसरं, शब्दातला जोर. ‘ॲनलाइझ’चा जोर पहिल्या अक्षरावर, ‘अनॅलिसिस’चा दुसऱ्यावर. तुझ्या विषयातले तीसेक शब्द काढ, शब्दकोशातली जोराची खूण पाहून वहीत ते अक्षर अधोरेखित कर. सादरीकरणाआधी तेवढी यादी मोठ्याने म्हटलीस तरी फरक पडेल.

प्रवास. युरोप बघायची हौस असेल तर जरूर जा, पण इंग्रजीसाठी म्हणून नको. स्पेन-इटलीत तुला भेटेल ते पर्यटकांचं तोडकं इंग्रजी. शिवाय आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात, नाही, वेगळा व्हिसा काढावा लागतो, त्याचं शुल्क ९० युरो. आणि बेलफास्टबद्दल कळकळीने सांगते: तो भाग ब्रिटनमध्ये मोडतो, तुझं आयआरपी कार्ड, म्हणजे आयर्लंडचा निवास परवाना, तिथे चालत नाही, ब्रिटनचा व्हिसा लागतो. रस्त्यात चौकी दिसत नाही म्हणून मुलं डब्लिनहून बसमध्ये बसतात. तपासणी अधूनमधून होते, आणि सापडलं तर पुढच्या व्हिसाच्या अर्जांत ते लिहावं लागू शकतं.

त्यापेक्षा देशातल्या देशात फिर. गॉलवे, कॉर्क दोन्हीकडे ह्यूस्टन स्टेशनावरून गाड्या जातात. आणि त्याआधी एका शनिवारी डार्टने, म्हणजे तिथल्या लोकलने, हाउथ बंदरावर जा. विद्यार्थ्यांच्या लीप या प्रवासाच्या कार्डावर ९० मिनिटांचं तिकीट १ युरोत होतं. तिथे वेस्ट पिअरवर मासळीची दुकानं आहेत. तुला ज्या विषयात समोरच्याइतकं किंवा जास्त कळतं, अशा जागी बोलायला सुरुवात करावी, आणि तुझ्यासाठी ती जागा ही आहे. गर्दी नसेल तेव्हा जा. आज काय ताजं आलंय ते विचार. हॅडक, हेक, व्हायटिंग अशी नावं ऐकशील. मॅकरेल दिसला तर नीट बघ, आपल्या बांगड्याचा नातेवाईक आहे, पण जात वेगळी, पाठीवर नागमोडी काळ्या रेघा. घेतलास की दुकानदार विचारेल, ‘विल आय गट इट फॉर यू?’ म्हणजे साफ करून देऊ का. ‘येस प्लीज, बट लीव्ह द हेड ऑन’ असं सांग. डोकं कशाला हवं, असं तो बहुधा विचारेलच, कारण तिथली बरीच गिऱ्हाइकं काटे काढलेले तुकडेच नेतात. मग तिखल्यात, आपल्या माशाच्या तिखट कालवणात, डोक्याची चव कशी उतरते ते तुझ्या शब्दांत सांग. त्यात तू अडखळलीस तरी तो ऐकून घेईल, कारण त्याला खरंच जाणून घ्यायचं असेल. महिन्यातून दोनदा त्याच दुकानात जा.

परत येणं. ही वाट आत्ता बंद ठेव. कोर्स सोडलास की स्टॅम्प २चा, म्हणजे विद्यार्थी म्हणून राहण्याच्या परवानगीचा, आधारच जातो, सत्र सुरू झाल्यावर फी परत मिळण्याची आशा फारशी नसते, आणि कर्जाचं व्याज चालूच राहतं. पुरं केलंस, तर पदव्युत्तर पदवीनंतर स्टॅम्प १जी या पुढच्या परवानगीवर दोन वर्षांपर्यंत थांबून काम शोधता येतं. तू नापास होत असतीस तर उत्तर वेगळं असतं. मात्र झोप उडाली असेल, वर्गात जायची भीती बसली असेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ घे. आणि मराठी बोलणंही गर्दीत नीट ऐकू येत नसेल, तर एकदा कान तपासून घे. ही शक्यता सगळे विसरतात.

वडिलांना काय सांगायचं? ‘हो’ म्हणत राहिलीस, तर गणपतीत सगळा वाडा तुझ्याकडून फाडफाड इंग्रजीची अपेक्षा धरून बसेल, आणि ते ओझं रोज वाढेल. त्यांना खरं सांग, पण नेमकं: लिहिणं-वाचणं जमतंय, पास झाले, बोललेलं अजून अर्धं कळतं, त्यासाठी रोज अमुक करते आहे. तिथल्या समुद्राचा अंदाज ऐकून दाखव त्यांना, वाऱ्याचा जोर मराठीत करून सांग. त्यांना त्यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळेल.

येत्या सप्टेंबरात निघणाऱ्यांसाठी थोडं. आयल्ट्स झाली म्हणून ऐकणं थांबवू नका. निकाल आणि विमान यांच्यामध्ये जे तीन-चार महिने मिळतात, त्यात वरचं श्रुतलेखन सुरू करा, जिथे जाणार तिथल्याच रेडिओवरचं. मित्राशी आठवड्यातून दोनदा फोनवर इंग्रजीत बोला, चेहरा दिसत नाही तेव्हा कानाला जास्त काम पडतं. डब्लिन विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीशी पाच-सहा प्रश्न ठरलेले असतात: कुठला कोर्स, किती काळ, फी कुणी भरली, राहणार कुठे, खर्चाला पैसे किती. उत्तरं आधी मोठ्याने म्हणून ठेवा. प्रवेशपत्र, फीची पावती, विमा आणि पैशांचा पुरावा हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. पोहोचल्यावर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची, तिचे ३०० युरो बाजूला काढून ठेवा. आणि मुंबई गाठण्याचा हिशेब नीट करा. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, त्यात गणपतीच्या जादा गाड्यांमुळे एकेरी मार्गावर क्रॉसिंगला तासनतास जातात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढा, आणि विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचाल अशी गाडी धरा.